आईला शार्त्रचं कॅथेड्रल दाखवायचंय

ताई,
सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि आई पॅरिसला जातोय. आई एकाहत्तर वर्षांची आहे, आयुष्यभर तिने शाळेत व्याकरण शिकवलं. फार वर्षांपूर्वी एका मासिकात तिने पॅरिसजवळच्या शार्त्र गावातल्या कॅथेड्रलमधल्या निळ्या काचांचा फोटो पाहिला. तो कापून तिने शब्दकोशात ठेवला, आणि अजून तो तिथेच आहे. त्यामुळे बाकी काही राहिलं तरी चालेल, शार्त्र राहायला नको. आम्ही ज्यांच्याकडून गाडी ठरवतोय त्यांनी बेत दिलाय तो असा: रविवारी सकाळी शार्त्र, पाऊण तास, आणि मग लुआर नदीकाठचे दोन राजवाडे. पाऊण तास पुरतो का? आम्ही ख्रिस्ती नाही. आत प्रार्थना चालू असेल तर थांबावं की बाहेर पडावं? आईचे गुडघे दुखतात, तेही बघायचंय. गोष्टी माहीत नसताना तिला त्या खिडक्यांतलं काही कळेल का, अशी मला धास्ती आहे. आणि आईचा प्रश्न तिच्याच शब्दांत लिहिते: ‘तिथे मी हात जोडले तर कुणाला वावगं वाटेल का?’
– एक लेक

प्रिय लेकी,

आईंचा प्रश्न तू शेवटी लिहिलास, पण मी उत्तर त्याच्यापासूनच सुरू करते. त्यांना सांग, खुशाल हात जोडा. शार्त्रचं कॅथेड्रल मरियामातेचं आहे आणि हजार वर्षांहून अधिक काळ माणसं तिथे काहीतरी मागायला, आभार मानायला, नुसतं रडायलाही येत आली आहेत. तिथे हात जोडून उभ्या राहिलेल्या वयस्क बाईकडे कुणी वळूनसुद्धा पाहणार नाही. मेणबत्ती लावावीशी वाटली तर लावा. शेजारी पेटी असते, तिच्यात मेणबत्तीचे पैसे टाकायचे. त्यासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही.

आता पाऊण तासाचं बघू. तो नाही पुरत. रविवार सकाळही नको. आणि राजवाडे तर त्या दिवशी अजिबात नकोत.

रविवारी सकाळी तिथे मुख्य मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, असते. तेव्हा ते पाहण्याचं ठिकाण नसतं, तिथली माणसं उपासनेला जमलेली असतात. मिस्सा चालू असताना मागे शांत बसून राहायला कुणाची हरकत नसते, पण खिडक्या बघत हिंडणं, मान वर करून बोटं दाखवणं, फोटो काढणं त्या वेळात करायचं नसतं. म्हणजे तुमच्या पाऊण तासातला बराचसा वेळ दारापाशी ताटकळण्यात गेला असता. कॅथेड्रल हा शब्दच मुळी ‘कॅथेड्रा’ म्हणजे बिशपच्या आसनावरून आला आहे. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन, ते कॅथेड्रल. शार्त्रला आजही बिशप आहेत आणि उपासना रोज होते. म्हणून तारीख ठरवण्याआधी कॅथेड्रलच्या संकेतस्थळावर मिस्सेच्या वेळा बघ, मग बाकीचा बेत त्यांच्याभोवती बसव.

माझं ऐकशील तर शुक्रवारी जा. कारण पुढे येईलच.

गाडी रद्द कर आणि आगगाडीने जा. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून शार्त्रला जाणाऱ्या गाड्या दिवसभर असतात. तासाभरात, फार तर सव्वा तासात पोचवतात. आसन राखून ठेवावं लागत नाही. आईंना खिडकीपाशी बसव. बोस नावाच्या त्या सपाट गहू पिकवणाऱ्या मुलखातून गाडी जाते आणि गाव दिसायच्या आधी कॅथेड्रलचे दोन मनोरे दिसतात. पायी येणारे यात्रेकरूही शतकानुशतकं असेच लांबून ते बघत आले. स्टेशनवरून कॅथेड्रल रमतगमत दहा मिनिटांवर आहे, आईंच्या चालीने पंधरा धर.

मनोरे एकमेकांसारखे नाहीत, हे आईंना लगेच दिसेल. दक्षिणेकडचा साधा, निमुळता मनोरा बाराव्या शतकातला, सुमारे १०५ मीटर उंच. उत्तरेकडचा नक्षीदार मनोरा त्याच्याहून थोडा उंच, सुमारे ११३ मीटर. १५०६ मध्ये वीज पडून उत्तरेचा जुना लाकडी कळस जळाला, तेव्हा जेआं द बोस या कारागिराने त्याच्या काळाच्या पद्धतीने नवा दगडी कळस बांधला. दोन्हींमध्ये साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे आणि ते कुणी लपवलेलं नाही. मला तो जोड फार आवडतो.

आता दिवस कसा आखायचा. माझा एकच आग्रह आहे: घड्याळापेक्षा उन्हाच्या चालीने फिरा. शार्त्रमध्ये तुम्ही बघायला जाताय ते काचेतून येणाऱ्या उजेडाला, आणि तो दर तासाला जागा बदलतो. तिथे दीडशेहून अधिक रंगीत काचांच्या खिडक्या आहेत, बहुतेक तेराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतल्या. सगळ्या बघायच्या ठरवल्या तर एकही नीट बघून होणार नाही. पाच बघा. पण त्या पाच ज्या वेळी उजळतात त्या वेळी बघा.

एक गोष्ट नकाशा बघताना लक्षात ठेव. चर्चमध्ये वेदीच्या बाजूला ‘पूर्व’ म्हणायची रीत आहे, पण शार्त्रचा अक्ष खरा बराचसा ईशान्येकडे वळलेला आहे. म्हणून तिथली ‘दक्षिण’ बाजू खरी आग्नेयेकडे तोंड करून आहे आणि तिला सकाळपासूनच ऊन मिळतं. ‘पश्चिमे’चं मुख्य दार नैर्ऋत्येला आहे, त्याच्यावर दुपारनंतर ऊन येतं. तेव्हा सकाळी पोचल्यावर बाहेरची शिल्पं बघत थांबू नका. सरळ आत जा.

आत गेल्यावर पहिली दहा मिनिटं काहीही करू नका. बाहेरच्या उजेडातून आलेल्या डोळ्यांना आतल्या अंधुकात नीट दिसायला तेवढा वेळ लागतोच, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना थोडा जास्त. मंद उजेडाला सरावलेले डोळे निळ्या रंगाला जास्त दाद देतात, म्हणून बसून राहिलात की निळा हळूहळू वर येताना दिसतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत शिरले ती चालतच राहिले, कॅमेरा डोळ्याला लावून, आणि तासाभराने बाहेर पडताना वाटलं की फोटोतलं निळं काही आपल्याला दिसलंच नाही. दुसऱ्या खेपेला पाय दुखत होते म्हणून बसले, तेव्हा दिसलं. ऊन नसलं तरी हिरमुसू नका. ढगाळ दिवशी निळे रंग खोल दिसतात, लख्ख उन्हात लाल रंग जागे होतात. दोन्ही दिवस चांगलेच.

डोळे सरावले की उजव्या हाताने पुढे जा. वेदीभोवती अर्धवर्तुळात जाणारा एक मार्ग आहे. त्याला प्रदक्षिणामार्ग म्हटलं की आईंना सांगायला काही उरणार नाही, तो आहेच तसा. त्याच्या सुरुवातीलाच दक्षिणेच्या बाजूला एक उंच खिडकी आहे, ‘नोत्र-दाम द ला बेल व्हेरिएर’, म्हणजे सुंदर काचेतली मरियामाता. बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, अंगावर फिकट निळं वस्त्र, मागे लाल. ती मधली आकृती ११८० च्या सुमाराची आहे. मला खात्री आहे, आईंच्या शब्दकोशातला फोटो हिचाच असणार.

या खिडकीपाशी आईंना ११९४ च्या आगीची गोष्ट सांग. त्या वर्षी जूनमध्ये गावाला आणि कॅथेड्रलला आग लागली. पश्चिमेचा दर्शनी भाग, मनोऱ्यांचं बांधकाम आणि जमिनीखालचं तळघर सोडून जवळजवळ सगळं गेलं. तिथे मरियामातेचं वस्त्र म्हणून जपलेलं एक रेशमी कापड होतं. ते ८७६ मध्ये राजा चार्ल्स द बाल्ड याने दिलं अशी परंपरा सांगते. लोकांना वाटलं, तेही जळालं. मग तिसऱ्या दिवशी, तळघरात आसरा घेतलेली माणसं ते सुखरूप घेऊन वर आली, असं तेव्हाच्या हकिकती सांगतात. गावाने त्यातून एवढाच अर्थ घेतला की मातेला इथे आणखी मोठं घर हवंय. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत मुख्य बांधकाम उभं राहिलं. त्या काळात एवढ्या मोठ्या इमारतींना पिढ्यान् पिढ्या लागत, इथे मात्र काम लवकर झालं, म्हणून शार्त्र आतून इतकं एकसंध वाटतं. आणि आगीतून वाचलेली ही मधली काच त्यांनी नव्या भिंतीत, नव्या तावदानांच्या चौकटीत, पुन्हा बसवली. भोवतीचे देवदूत नंतरचे आहेत. नीट बघितलंत तर निळ्यातला फरकही कळतो. जुना निळा जास्त हलका, जास्त पारदर्शक आहे. तो रंग काचेच्या रसात कोबाल्ट मिसळून येतो.

ते कापडही आजच्या घडीला तिथेच, प्रदक्षिणामार्गातल्या एका दालनात ठेवलेलं आहे. तिथे माणसं गुडघे टेकलेली असतात. आवाज आपोआप खाली येतो.

गोष्टी कळतील का, या तुझ्या धास्तीवर आता बोलू, कारण मला यातच सगळ्यात जास्त सांगायचंय. निघण्याआधीच्या आठवड्यात आईंना रोज रात्री एक गोष्ट सांग. नोहाची नौका. भावांनी विकलेला योसेफ. घर सोडून गेलेला आणि परत आलेला उधळ्या मुलगा. देवदूताचा निरोप, गोठ्यातला जन्म, मिसरला पलायन. आणि दयाळू शोमरोनी. बस्स. या सगळ्यांच्या खिडक्या शार्त्रला आहेत, आणि गोष्ट माहीत असली की आईंना खिडकी वाचता येईल. मुद्दाम ‘वाचता’ म्हणतेय. या खिडक्या बहुधा खालून वर वाचायच्या असतात. चित्रकथेसारख्या एकेका तुकड्यात एकेक प्रसंग, आणि गोष्ट वर वर चढत जाते. मुळाक्षरं कळली की आईंना तुझी गरज उरणार नाही.

दयाळू शोमरोन्याची खिडकी सभामंडपाच्या दक्षिणेच्या पडवीत आहे, म्हणजे सकाळीच बघायची. खाली एक माणूस यरुशलेमहून निघतो, वाटेत चोर त्याला मारून टाकून जातात, याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचा सेवक, बघून पुढे जातात, आणि परका, हलका समजला गेलेला शोमरोनी त्याला उचलून खानावळीत नेतो. गोष्ट तिथे संपायला हवी. पण खिडकी अजून अर्धी उरलेली असते, आणि वरच्या भागात आदाम आणि हव्वा सुरू होतात: त्यांची निर्मिती, फळ, बागेतून हकालपट्टी. एका खिडकीत दोन वेगळ्या गोष्टी कशाला? कारण त्या काळचे शिक्षक दुसरी गोष्ट पहिलीचा अर्थ म्हणून शिकवत. वाटेवर जखमी पडलेला माणूस म्हणजे बाग सोडावी लागलेला आदाम, म्हणजे तुम्ही-आम्ही, आणि त्याला उचलणारा म्हणजे ख्रिस्त. उपमेय आणि उपमान शेजारी ठेवावं तशी ही खिडकी मांडली आहे. व्याकरणाच्या शिक्षिकेला हे आवडणार नाही असं होणार नाही.

त्याच खिडकीच्या तळाशी बघा, चांभार बसलेत, काम करतायत. नोहाच्या खिडकीत खाली सुतार आहेत, पिंपं करणारे आहेत. इतर खिडक्यांत पाववाले, कातडीवाले, कापडवाले, सराफ. पूर्वी सरसकट म्हणत की या पेशांनी खिडक्यांचे पैसे दिले म्हणून त्यांची चित्रं. आज अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत. पैसे कुणी का दिलेले असेनात, राजे आणि संत वर आहेत आणि आपल्या डोळ्यांच्या उंचीवर मात्र हत्यारं हातात धरलेली कामाची माणसं आहेत, हे मला प्रत्येक वेळी हलवून जातं.

या सगळ्यासाठी एक वस्तू हवीच: लहान दुर्बीण. घरी पक्षी बघायची असेल ती पुरे. सभामंडप ३७ मीटर उंच आहे आणि वरच्या खिडक्यांतले चेहरे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. दुर्बिणीतून बघितलं की काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या दिसतात. काचेवर काळ्या रंगाने काढून भट्टीत भाजलेल्या डोळ्यांच्या, चुण्यांच्या रेषाही दिसतात. गाईडपेक्षा दुर्बिणीवर जास्त भर दे.

दुपारी जेवायला बाहेर या. आत स्वच्छतागृहावर अवलंबून राहू नका, जेवता जेवता तेही उरकून घ्या. जेवल्यावर आईंचे गुडघे बरे असतील तर कॅथेड्रलच्या मागच्या बाजूला जुन्या बिशपवाड्याची बाग आहे, आज तिथे कलासंग्रहालय आहे. तिथून भिंतींना बाहेरून टेकू देणाऱ्या दगडी कमानी दिसतात. आत एवढ्या मोठ्या खिडक्या कशा मावल्या याचं उत्तर या कमानींत आहे: छताचा बाहेर ढकलणारा भार त्यांनी पेलला, म्हणून भिंत रिकामी करून तिथे काच बसवता आली. खाली नदीकाठचं जुनं गाव देखणं आहे, पण उतार आणि गोट्यांचे रस्ते आहेत. आईंना घेऊन तिथे उतरू नकोस, बागेच्या कठड्यावरून बघा.

उत्तरेच्या मनोऱ्यावर चढता येतं, पण जिना अरुंद, गोल आणि लांब आहे. आईंसाठी नाही. तू एकटी जाणार असशील तर तेवढा वेळ त्यांना आत बसू दे. तळघर मार्गदर्शकाबरोबरच बघता येतं, ठरावीक वेळी, तिकीट काढून. फ्रान्समधल्या सर्वांत मोठ्या तळघरांपैकी ते आहे आणि तिथली जुनी विहीर खोल, काळोखी, विलक्षण आहे. पण पायऱ्या आणि ओलसर गारवा. माझ्या मते या खेपेला सोडा. कॅथेड्रलमध्ये जायला मात्र तिकीट नाही. मुख्य पश्चिम दाराशी पायऱ्याही मोजक्या आहेत, दक्षिण-उत्तरेच्या दारांशी जास्त. आईंना पश्चिमेकडूनच आत ने.

दुपारी ऊन या पश्चिम दारावर आलेलं असेल. याला राजद्वार म्हणतात, ११४५ ते ११५५ च्या सुमाराचं, आगीत वाचलेलं. दोन्ही बाजूंना उंच, खांबांसारखे लांब राजे-राण्या उभ्या आहेत. मूळ चोवीसपैकी एकोणीस उरले आहेत. चेहरे शांत. इथे वेळ घ्या, पण एक गोष्ट आईंना मीच दाखवतेय असं समजून दाखव. तीन दारांपैकी उजव्या दाराच्या कमानीत सात विद्या बायकांच्या रूपात कोरल्या आहेत. कारण बाराव्या शतकात शार्त्रची शाळा युरोपभर गाजलेली होती. संगीत घंटा वाजवतंय. आणि एक बाई बसली आहे, हातात छडी आणि पुस्तक, समोर दोन पोरं, त्यातलं एक पुस्तकात बघायचं सोडून दुसऱ्याचे केस ओढतंय. ही बाई म्हणजे व्याकरण.

आईंचा तिच्याखाली उभा राहून एक फोटो काढ. दिवसभरात हा एक काढलास तरी पुरे.

परत आत. आता शुक्रवार का, ते सांगते. सभामंडपाच्या फरशीत एक गोल चक्रव्यूह आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा, जवळजवळ तेरा मीटर व्यासाचा. आत जाणारी वाट एकच, फाटे नाहीत, हरवायची भीती नाही. वळत वळत मध्यावर पोचायला सुमारे २६० मीटर चालावं लागतं. इतर दिवशी त्याच्यावर खुर्च्या असतात आणि माणसं तो न बघताच त्याच्यावरून जातात. पण लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांपासून शरदातल्या सर्व संतांच्या सणापर्यंत शुक्रवारी खुर्च्या हलवून तो मोकळा ठेवतात. तुझ्या तारखा त्यात बसतात, तरी जाण्याआधी संकेतस्थळावर खात्री कर. सपाट फरशी आहे, गुडघ्यांना चढउतार नाही. लोक सावकाश, एकामागून एक चालतात. पुढच्याला ओलांडायचं नाही, आईंना थांबावंसं वाटलं तर थांबायचं. बोलायचं नाही. त्या पूर्ण चालल्या नाहीत तरी काही बिघडत नाही, कडेला बसून चालणारी माणसं बघणंही मला तेवढंच भरून पावल्यासारखं वाटलं होतं.

वेदीला वेढणारा दगडी पडदाही दुपारीच बघा. येशू आणि मरियेच्या आयुष्यातले चाळीस प्रसंग, सुमारे दोनशे मूर्ती. उत्तरेचा कळस बांधणाऱ्या जेआं द बोसनेच तो सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला आरंभला आणि तो पुरा व्हायला दोनशे वर्षं लागली.

आतल्या भिंती पाहून आई म्हणतील, इतक्या जुन्या देवळाच्या भिंती इतक्या गोऱ्या कशा? २००९ पासून आतली काजळी काढून, सापडलेल्या जुन्या रंगाच्या खुणांवरून भिंती पुन्हा फिकट रंगवल्या आहेत. त्यावर मोठा वाद झाला. काही जाणकारांना वाटतं की उजळ भिंतींनी खिडक्यांचं तेज कमी झालं, पूर्वी अंधारात त्या जळत असल्यासारख्या दिसत. माझंही मन त्या जुन्या काळोखाकडे ओढ घेतं. पण तेराव्या शतकातल्या माणसांनी ज्या भिंती पाहिल्या त्या काळ्या नव्हत्या, आणि मेणबत्त्यांची काजळी म्हणजे भक्ती नव्हे. काचाही धुतल्या गेल्या, हे विसरून चालणार नाही. आईंना काय वाटतं ते मला खरंच ऐकायचंय.

सगळ्यात शेवटच्या खिडक्या संध्याकाळसाठी राखून ठेवा. पाच-साडेपाचला सभामंडपात पश्चिम दाराकडे तोंड करून बसा. तुमच्यासमोर तीन उंच खिडक्या असतील, बाराव्या शतकाच्या मध्यावरच्या, आगीत वाचलेल्या. उजवीकडे इशायाचं झाड: दावीद राजाचा बाप, म्हातारा इशाय झोपलाय आणि त्याच्या देहातून झाड वर चढतंय, फांद्यांवर राजे, वर मरिया, शेंड्यावर ख्रिस्त. मध्ये ख्रिस्ताचं बाळपण. डावीकडे त्याचे दुःखभोग आणि पुनरुत्थान. कॅथेड्रल संध्याकाळी साडेसातला बंद होतं आणि त्या दिवसांत सूर्यही साधारण तेव्हाच मावळतो, म्हणजे उतरतं ऊन अगदी शेवटपर्यंत या काचांवर असेल. ते खाली फरशीवर सांडतं. आईंच्या साडीवर पडलं तर त्यांना हलू देऊ नकोस.

बसल्या बसल्या त्यांना हेही सांग की या काचा तिथे आज आहेत हे काही आपोआप घडलेलं नाही. १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर सगळ्या खिडक्या उतरवून दूर नेऊन ठेवल्या होत्या. आणि १६ ऑगस्ट १९४४ ला, मनोऱ्यात जर्मन टेहळणी करतायत या संशयावरून अमेरिकन तोफा कॅथेड्रलवर रोखल्या गेल्या, तेव्हा वेलबॉर्न ग्रिफिथ नावाचा कर्नल स्वतः आत गेला, मनोऱ्यात चढून बघितलं आणि कुणी नाही असं कळवलं. मारा थांबला. ग्रिफिथ त्याच दिवशी शेजारच्या लेव्ह गावात मारला गेला.

वागण्याचं थोडक्यात: खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, साडी-सलवारला काही अडचण नाही. बूट काढायचे नसतात. पुरुष टोपी काढतात. फोन बंद, फ्लॅश कधीच नाही. तुम्ही बसलेल्या असताना मिस्सा सुरू झाली तर निघायची घाई नको, लोक उभे राहिले की उभ्या राहा, बसले की बसा. क्रूसाची खूण करायची, गुडघे टेकायचे असं काही तुमच्यावर बंधन नाही. फक्त एक पाळा: ख्रिस्तप्रसाद घ्यायला लोक रांगेत पुढे जातील, तेव्हा आपल्या जागीच बसून राहा. तो कॅथलिक श्रद्धावंतांसाठीच असतो. आपल्याकडचा प्रसाद कुणालाही देतात, म्हणून आईंना हे आधीच सांगून ठेव. नाहीतर त्या आदराने उठतील आणि मग दोघींना अवघड होईल.

शाल घे. बाहेर ऊन असलं तरी त्या दगडात गारठा असतो आणि तुम्ही तासन् तास बसणार आहात.

रात्री कॅथेड्रलच्या भिंतींवर रंगीत प्रकाशाचे खेळ होतात, वर्षातले बरेच महिने. छान असतात, पण त्यासाठी आईंना ताटकळत ठेवू नकोस. दिवसभर खऱ्या काचा बघितल्यावर मला तरी ते बघावेसे वाटले नव्हते. सकाळी उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा कागदावर लिहून घे, म्हणजे साडेसातला दार बंद होताना धावपळ होणार नाही. आणि तो कापलेला फोटो शब्दकोशातून काढून बरोबर घे. सकाळी त्या दक्षिणेच्या खिडकीपाशी गेलात की आईंच्या हातात दे आणि तू जरा मागे थांब.